आपला दोरीचा धंदा

वंदना,

तुझ्या पुण्यानुमोदनाचं शूटिंग मीच केलं. मी एका साखरपुड्याच्या कामाला निघत होते, तेवढ्यात तुझ्या बहिणीचा, मंजूताईंचा फोन आला. "तुम्ही कार्यक्रमांचं शूटिंग करता ना? आमच्या वंदनाच्या फोनमध्ये 'नसीम कॅमेरा' असं नाव सापडलं." मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "तिचं पुण्यानुमोदन आहे रविवारी. बाहेरगावच्या नातेवाइकांना पाठवायला हवं."

तू गेल्याचं मला असं कळलं. ऑर्डर घेताना. मी विचारलं, किती वाजता यायचं. दुसरा कुठलाही प्रश्न सुचला नाही.

आठ वर्षं आपण दोघींनी मिळून एक धंदा चालवला आणि तुझ्या फोनमध्ये मी 'कॅमेरा' होते. आडनावसुद्धा नाही. तू म्हणशील, तेच सुरक्षित होतं. तुझं सगळंच सुरक्षित असायचं.

हॉलमध्ये मी पांढरा कुर्ता घालून गेले. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग भाषणं झाली. फिजिओथेरपिस्ट म्हणून तू किती पेशंट पायावर उभे केलेस, कर्वेनगरच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत किती म्हाताऱ्यांचे गुडघे हलते केलेस, सगळं आलं. एक गृहस्थ म्हणाले, वंदनाताईंचं आयुष्य म्हणजे उघडं पुस्तक. मी त्यांच्या चेहऱ्यावर फोकस धरून उभी होते. हसू आलं तर कॅमेरा हलेल म्हणून श्वास रोखला.

शेवटच्या रांगेत मृणाल बसली होती. पाच वर्षं आपल्याकडे काम केलेली मृणाल, पांढरी साडी नेसून, एकटी. आमची नजरानजर झाली आणि दोघींनी ती लगेच काढून घेतली. तू शिकवलंस तसं. बाहेर कोणी कोणाला ओळखायचं नाही. तुझ्या मरणाच्या कार्यक्रमातही आम्ही तुझा नियम पाळला. समाधान झालं ना?

जे तिथे कोणी बोललं नाही, ते मी इथे लिहिते. आपण बॉन्डेजचे व्हिडिओ बनवायचो. दोरीने बांधून घ्यायची किंवा बांधायची ज्यांना ओढ असते अशा लोकांसाठी. अशी माणसं जगभर आहेत आणि कर्वेनगरातही आहेत. नग्नता नाही, चेहरे नाहीत. साडीतली किंवा पंजाबी ड्रेसमधली बाई, तिच्या अंगाभोवती फिरणारी दोरी आणि ती फिरवणारे तुझे हात. वर्गणी भरणारे लोक आपल्या वेबसाइटवर ते बघायचे. एका वकिलाने तुला सांगितलं होतं, कायद्याचं काही खरं नाही, कपडे अंगावर ठेवा आणि नाव कुठे ठेवू नका. दुसरी गोष्ट तू जरा जास्तच मनावर घेतलीस.

मी तुझ्याकडे आले ते खांदा धरला म्हणून. वडिलांचा हडपसरला फोटो स्टुडिओ होता. त्यांच्यानंतर मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायला लागले. आमच्यातल्या लग्नांत बायकांच्या बाजूला बाईच कॅमेरा घेऊन लागते, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पण खांदा गेला. तू तीन आठवड्यांत तो सोडवलास आणि चौथ्या आठवड्यात, मी पर्स उचलून निघताना, हवापाण्याचं बोलावं तशा आवाजात विचारलंस की असं असं एक काम आहे, माझ्या हातांचं आणि समोरच्या बाईचं शूटिंग करशील का. मी हसले. तू हसली नाहीस. मी घरी गेले. तीन दिवस तुझा राग राग केला आणि चौथ्या दिवशी फोन करून विचारलं, लाइट काय वापरणार आहेस.

का आले ते तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आता सांगते. लग्नांत मी शेकडो नवऱ्या मुली शूट केल्या. दागिन्यांनी मान अवघडलेली, पायाला मुंग्या आलेल्या, पाणी मागायची चोरी. त्यांना कोणी विचारत नाही की बाई, बरं वाटतंय का. आपल्या त्या पहिल्या शूटला तू मृणालचे हात मागे बांधत होतीस आणि दर दोन मिनिटांनी विचारत होतीस. बोटं गार पडली का? अंगठा हलव. इथे मुंग्या येतायत का? खरं सांग, खोटं सांगितलंस तर उद्यापासून येऊ नकोस. कमरेला बोथट टोकाची कात्री लावलेली. मी कॅमेऱ्यामागे उभी होते आणि मला रडायला येत होतं. तुला वाटलं, मी घाबरले.

लोणी काळभोरला ती शेड मिळाली तेव्हा आपण खऱ्या अर्थाने धंद्यात आलो. पूर्वी तिथे गुलाबाच्या फुलांचं पॅकिंग चालायचं. मालक बाबूकाकांना तू सांगितलंस, योगाचे व्हिडिओ. ते पहिल्याच दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "योगाला एवढी दोरी लागती व्हय?" तू अगदी गंभीरपणे म्हणालीस की हा जुन्या पद्धतीचा योग आहे. काका म्हणाले, "आसंल. आमच्या वेळंला गाईला लागायची," आणि निघून गेले. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. दर दिवाळीला मात्र पेरूची पिशवी ठेवून जायचे.

दोरी बोहरी आळीतून. दुकानदार विचारायचा, झोपाळ्याला का, आणि तू हो म्हणायचीस. आठ वर्षांत आपण किती झोपाळे टांगले असतील त्याच्या हिशेबाने. मग ती तागाची दोरी उकळायची, ताणून वाळवायची, जाळावरून फिरवून सुटे धागे जाळायचे, तेलाचा हात द्यायचा. रविवारी सकाळी मी स्कूटीवर हडपसरच्या गाडीतळाला तुला घ्यायला यायचे. तू कर्वेनगरहून बसने आलेली असायचीस, हातात डबा. लोणीपर्यंत मागे बसून तू अखंड बोलायचीस. हेल्मेटमुळे मला निम्मं ऐकू यायचं नाही. ते मला आता हवं आहे, ते निम्मं.

एकूण अकरा बायका आपल्याकडे आल्या. पंचविशीच्या आतली तू कोणी घेतली नाहीस. आधार कार्ड बघायचीस, मग दोन वेळा नुसतं चहाला बोलवायचीस. शूट झालं की बाई स्वतः सगळी फिल्म बघणार. नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसायची. वर्षाने म्हणाली तरी काढायची. मी कधीकधी वैतागायचे. तीन दिवस एडिटिंग केलेलं काम एका मानेच्या हलण्याने जायचं. तू म्हणायचीस, "शरीर तिचं आहे, तुझी फक्त मेहनत आहे." हे तुझं वाक्य मला आवडायचं. मग त्यातलं 'फक्त' टोचायला लागलं.

आता त्या मुलाखतीवर येते. तू टाळली असतीस, मी टाळणार नाही.

परदेशातल्या कुठल्याशा पॉडकास्टवाल्यांनी तुला बोलावलं. तू मला सांगितलं नाहीस. एका वर्गणीदाराने वेबसाइटवर लिहिलं, छान बोललात, म्हणून मला कळलं. स्कूटी गॅरेजला होती. हडपसरच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी कानात हेडफोन घातले. तू खोटं नाव घेतलं होतंस, वाणी. इंग्रजी छान बोललीस. दोरीबद्दल, नसांबद्दल, विश्वासाबद्दल. मग त्या बाईने विचारलं, टीम किती जणांची आहे. आणि तू म्हणालीस, टीम वगैरे नाही, मी एकटीच करते. कॅमेरापण मीच लावते.

मी ते तीनदा ऐकलं. माझा स्टॉप गेला.

पुढच्या रविवारी शेडमध्ये मी विचारलं. तू दोरीची वेटोळी करत होतीस, हात थांबवले नाहीस.

"तुला भाऊ आहेत," म्हणालीस.

"मला भाऊ आहेत हे मला माहीत आहे."

"उद्या हे कुठे फुटलं तर तुझं नाव कशाला मध्ये? तुला वाचवलं मी."

"खोटंच नाव घ्यायचं होतं ना वंदना? मग माझंही एक खोटं नाव घ्यायचं होतंस."

तू म्हणालीस, मी भावनेच्या भरात बोलतेय. मी म्हणाले, तुझ्या सगळ्या फिल्मा कोणाच्या डोळ्यांनी दिसतात ते एकदा बघ. तू म्हणालीस, "डोळे भाड्याने मिळतात." हे तू बोललीस. मी पदरचं घालत नाही. मग लगेच म्हणालीस, तसं म्हणायचं नव्हतं. पण कॅमेरा बंद असला तरी ते रेकॉर्ड झालं होतं.

मला माझे भाऊ तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. मोठ्याला कळलं असतं तर त्याने वर्षभर तोंड पाहिलं नसतं, धाकट्याने पासवर्ड मागितला असता. जे व्हायचं ते माझं झालं असतं. आपल्याकडे येणाऱ्या अकराही जणींना तू प्रत्येक गाठीला विचारायचीस. मला न विचारता माझ्या तोंडावर बोट ठेवलंस आणि त्याला काळजी म्हणालीस.

त्यानंतर दोन महिने आपण बोललो नाही. तू निरोप पाठवलास, पाठ धरली आहे, काही दिवस शूट नको. मला वाटलं, रुसलीस. फिजिओथेरपिस्टची पाठ धरते हे मला विनोदी वाटलं. मी लिहिलं, बरी हो. तू लिहिलंस, होते. मंजूताईंनी नंतर सांगितलं की तेव्हा स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान होऊन आठवडा झाला होता. पाठीतूनच दुखणं सुरू झालेलं. म्हणजे तू खोटं बोलली नाहीस. अर्धवट खरं सांगितलंस. आपल्याकडची कुठली बाई असं वागली असती तर तू तिला घरी पाठवली असतीस.

मग एका दुपारी तुझा मेसेज आला. "मोठा सॉफ्टबॉक्स कुठे ठेवलास?"

मी लिहिलं, "जिथे असतो तिथे."

आपलं शेवटचं बोलणं ते. मी त्या दिवशी उत्तर पाठवून स्वतःवर खूष झाले होते. चला, मी बोलले आणि बोललेही नाही. मंजूताईंनी तारखा सांगितल्या तेव्हा मी फोन काढून बघितलं. त्या दुपारी तू हॉस्पिटलमध्ये होतीस, सलाइन लावलेली. तुला लाइटवरचा सॉफ्टबॉक्स कशाला हवा होता, वंदना? सरळ नाव घेऊन हाक मारली असतीस तर मी काय दार लावून घेतलं असतं?

कदाचित लावलं असतं. हेही मी इथेच लिहून ठेवते.

शेडचा करार तुझ्या नावावर होता, त्यामुळे बाबूकाकांनी मंजूताईंना फोन केला. ताई तिथे गेल्या, खिळ्यांवर ओळीने टांगलेल्या दोऱ्या बघितल्या आणि एका कॅमेऱ्याच्या बॅगेवर माझं नाव. त्यांनी मला बोलावून घेतलं. भर दुपार, पत्रा तापलेला. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आयुष्यभर सरकारी कचेरीत काढलेली बाई. शांतपणे म्हणाल्या, "हे काय आहे ते मला नीट सांगा. माझ्या वयाचा विचार करू नका."

मी सांगितलं. सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड वाकडं केलं नाही, फक्त पर्सची चेन उघडत-लावत राहिल्या. मग म्हणाल्या, दाखवा. मी म्हटलं, कशाला. त्या म्हणाल्या, "तिच्याबद्दल लोक मला इतकं काय काय सांगून गेले. मला बघू दे."

वेबसाइटवर आहे त्यातलीच एक मी लॅपटॉपवर लावली. जांभळ्या काठाची साडी, पाठमोरी बाई आणि तुझे हात. दोन-तीन मिनिटांनी तुझा आवाज आला. बोटं गार पडली का? मंजूताईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, मागे घ्या. मी मागे घेतलं. पुन्हा म्हणाल्या, मागे घ्या. पाच-सहा वेळा तरी आम्ही तेवढंच वाक्य ऐकलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ती तिला असंच विचारायची."

मग लगेच आवाज बदलून म्हणाल्या, हे सगळं पुसून टाका. आजच. आमच्या घराला नाव आहे.

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्यांनी निदान समोर बसून सांगितलं. मी म्हटलं, ताई, हे तुमचं नाही, माझंही नाही. ज्या बायका यात आहेत त्यांना विचारावं लागेल. त्या म्हणाल्या, "आणि त्या नको म्हणाल्या तर?" मी म्हटलं, तर पुसेन. "आणि राहू दे म्हणाल्या तर?" मी म्हटलं, तर राहील. त्यांना ते पटलं नाही. पण भांडल्याही नाहीत. त्या उठल्या आणि खिळ्यावरचा तुझा ॲप्रन घडी करून पर्समध्ये कोंबला.

मी अकरा जणींना विचारलं. सात जणी म्हणाल्या, काढून टाक, आता वंदनाताई नाहीत तर कोणाच्या भरवशावर. बघ, माझ्या भरवशावर नाही. त्यांच्या लेखी मी कॅमेऱ्यामागचा अंधार होते. तिघी म्हणाल्या, राहू दे. त्यात मृणाल होती. ती म्हणाली, आयुष्यात तेवढंच मी स्वतःसाठी केलं आहे, ते पुसायचं कशाला. एकीचा फोन लागत नाही. तिचं तू काय केलं असतंस मला माहीत आहे, म्हणून तिचंही काढलं. या आठ जणींच्या फिल्मा पुसायला मला चार दिवस लागले. प्रत्येक पुसण्याआधी एकदा पूर्ण पाहिली. काही ठिकाणी माझा कॅमेरा तुझ्या हातांवर गरजेपेक्षा जास्त वेळ थांबला आहे. एडिटिंग करताना मी ते कसं ठेवलं, आणि तू बघूनही कसं काही बोलली नाहीस, कळत नाही.

वेबसाइटवरची तुझी ओळख बदलली. 'मी' होतं तिथे लिहिलं की हे काम दोघींनी केलं, त्यातली एक आता नाही. खाली दोन नावं टाकली. वाणी आणि नूर. नूर मी. तुला विचारलं नाही. आता कळेल तुला, कसं वाटतं.

लोकांनी लिहिलं. दूरदूरच्या अनोळखी लोकांनी, तुझ्या पुण्यानुमोदनातल्या भाषणांपेक्षा बरं लिहिलं. एकाने विचारलं, पुढचा व्हिडिओ कधी. त्याला मी लिहिलं, कधीच नाही.

एक राहिलं. त्या दिवशी शेडच्या फाटकापाशी मंजूताई रिक्षात बसता बसता थांबल्या. त्यांनी आवाज खाली आणला आणि पहिल्यांदा मला अगं म्हणाल्या. "अगं, तुला बांधलं होतं का तिने कधी?"

मी म्हटलं, नाही. ते खरं आहे. रिक्षा गेली आणि मी फाटकाला धरून उभी राहिले.

कारण तू विचारलं होतंस. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी. त्या दिवशी जिचं शूट होतं ती बाई आलीच नव्हती, लाइट लावून झाले होते आणि दोघींना काही काम नव्हतं. तू दोरी हातात घेऊन म्हणालीस, "तू बस ना आज. फिल्मसाठी नाही, अशीच." मी तुझ्याकडे बघितलं नाही. बॅटरी काढून परत घातली. म्हणाले, मी बसले तर कॅमेरा कोण धरणार?

तू बरं म्हणालीस आणि दोरी खिळ्याला लावलीस. पुन्हा विचारलं नाहीस. एकदा नको म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही, असंच तुझं होतं.

ट्रायपॉड होता, वंदना. माझ्यापासून दोन पावलांवर उभा होता. आणि फिल्म काढायची नव्हतीच, हे तू आधीच सांगितलं होतंस.

नसीम